बुडापेस्ट गॅम्बिटवर उतारा: अठराशेचा कोर्स आणि फुकटातलं लिचेस

मिरजेत माझं औषधाचं दुकान आहे. समोरच हॉस्पिटल, त्यामुळे रात्री साडेअकरापर्यंत शटर वर असतं. नऊनंतर गिऱ्हाईक तुरळक होतं. एक चिठ्ठी आली की दहा मिनिटं काम, मग वीस मिनिटं माश्या मारायच्या. त्या वीस-वीस मिनिटांत गेली सहा वर्षं मी बुद्धिबळ शिकतोय. रेटिंग १४६०. म्हणजे पुढे एका विकतच्या बुद्धिबळ-कोर्सबद्दल आणि लिचेस या फुकटच्या साइटबद्दल जे मत येईल ते कुणा ग्रँडमास्टरचं नाही, काउंटरमागच्या माणसाचं आहे, हे धरूनच वाचा.

गेल्या पावसाळ्यात सांगलीत एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारची रॅपिड स्पर्धा होती. पंधरा मिनिटं, वर चालीला दहा सेकंद. दुसऱ्या फेरीत समोर इचलकरंजीची एक मुलगी, असेल अकरा-बारा वर्षांची. पाण्याच्या बाटलीचं झाकण दातात धरून बसलेली. माझी पांढरी मोहरी. मी डी४ खेळलो, तिनं घोडा एफ६. (अक्षर आणि आकडा मिळून पटावरचं घर; मोहऱ्याचं नाव नसेल तर चाल प्याद्याची.) मी सी४, आणि तिनं सरळ ई५ वर प्यादं पुढे केलं. खा म्हणाली. मी खाल्लं. घोडा जी४ वर आला. मी उंट एफ४ ला काढून प्यादं राखलं, तिनं दुसरा घोडा सी६ ला आणला, मी घोडा एफ३, तिनं उंट बी४ वर आणून शह दिला. मी वजिराच्या बाजूचा घोडा डी२ ला मध्ये घातला. वजीर ई७. मी ए३, म्हणजे उंटाला विचारलं, बाबा, जातोस का मरतोस. तिनं उंट हलवलाच नाही. जी४ च्या घोड्यानं माझं ई५ चं प्यादं खाल्लं.

आता बी४ वर उंट तसाच उभा. मी दोनदा बघितलं. फुकटचा उंट. ए-प्याद्यानं उचलला.

"काका, मात आहे," ती म्हणाली. घोडा डी३ वर ठेवून झाला होता.

मी म्हटलं, कशी मात, ई-प्याद्यानं घोडा खातो की. तिनं काही न बोलता बोट आधी स्वतःच्या ई७ च्या वजिरावर ठेवलं, मग पटावरून सरळ खाली आणत माझ्या राजापर्यंत नेलं. प्यादं बांधलेलं, हललं तर राजाच वजिरासमोर उघडा. राजाभोवती वजीर, घोडा, उंट, प्यादी, सगळी माझीच माणसं, त्याला हलायला घर नाही. आठ चाली. घड्याळात तेरा मिनिटांच्या वर वेळ शिल्लक. बाहेर आलो तर व्हरांड्यात डबे उघडून बसलेल्या आया विचारतात, "इतक्यात झालं?"

या सापळ्याला कीनिंगर सापळा म्हणतात, आणि त्या सुरुवातीला बुडापेस्ट गॅम्बिट (गॅम्बिट म्हणजे सुरुवातीलाच प्यादं देऊ करणं), हे घरी आल्यावर कळलं. त्याच रात्री, रागाच्या भरात, मी कोर्स विकत घेतला. त्याचं नाव लिहीत नाही, मला कुणाशी भांडायचं नाहीये. १,७९९ रुपये, "सूट फक्त आज रात्री बारापर्यंत", खाली आकडे उलटे पळतायत. (ती सूट पुढच्या आठवड्यातही आज रात्री बारापर्यंतच होती.) नऊ तास चाळीस मिनिटांचे व्हिडिओ, शिकवणारा माणूस तगडा खेळाडू, बोलणं स्पष्ट. त्याच्या ज्ञानाबद्दल माझी काडीची तक्रार नाही.

तक्रार औषध चुकल्याची आहे. कोर्सची शिफारस अशी: उंटाचा शह आला की डी२ ला घोडा न घालता दुसरीकडून, सी३ ला घोडा घाला. उंटानं तो खाल्ला तर बी-प्याद्यानं परत खा, वजीर डी५ ला आणा आणि जादाचं प्यादं धरून ठेवा. बरोबर आहे. इंजिनालाही, म्हणजे चाली तोलणाऱ्या संगणकालाही, ते चालतं. पण मग सी-फाइलवर, म्हणजे सी च्या उभ्या पट्टीत, एकापुढे एक दोन लंगडी प्यादी, मधोमध उघडा वजीर, आणि समोरचा एफ६ खेळून सगळं मोकळं करतो. यातून पुढे जायचं तर वीस-बावीस चालींचा पाठ हवा. तो पाठ कोर्समध्ये आहे, माझ्या डोक्यात राहत नाही. मेट्रोनिडाझोल आणि मेटफॉर्मिन मी झोपेत वेगळं सांगेन, पण सतराव्या चालीला हत्ती डी१ की ई१, हे मला दुसऱ्या दिवशी आठवत नाही. वर त्यातली सराव-परीक्षा अशी कडक, की तेवढीच चांगली दुसरी चाल खेळली तरी लाल फुली. तीन आठवडे मी फुल्या गोळा केल्या.

चालींच्या याच रांगेत रुबिनस्टाइन पडला होता, हे नंतर वाचलं तेव्हा बरं वाटलं. १९१८ मध्ये बर्लिनला चार दिग्गजांची छोटी स्पर्धा झाली: रुबिनस्टाइन, श्लेख्टर, मीझेस आणि विडमार. विडमार पेशानं विजेचा इंजिनियर. डी४ ला काय उत्तर द्यावं हे त्याला सुचेना, म्हणून त्यानं अबोनीला विचारलं. अबोनी आणि ब्रेयर या हंगेरियन मंडळींनी हा गॅम्बिट घासूनपुसून ठेवलेला होता. विडमारनं तो उचलला आणि रुबिनस्टाइनला चोवीस चालींत झोपवलं. पांढऱ्यानं तिथे नेमकं हेच केलं होतं: घोडा सी३, वजीर डी५, प्यादं धरून बस. पुढे विडमार ती स्पर्धाच जिंकला. रुबिनस्टाइनची ही गत, तर मिरजेच्या औषधवाल्याची काय कथा.

आता लिचेसकडे येतो, कारण खरं परीक्षण त्याचं लिहायचंय. २०१० मध्ये तिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रॅमरनं सुरू केलेली ही साइट. फुकट, जाहिरात नाही, ना-नफा संस्था चालवते, देणग्यांवर. हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे तिथे फक्त तीन-तीन मिनिटांचे डाव कुटत बसतात. मीही पाच वर्षं तेच केलं. विश्लेषणाच्या पटाशेजारी एक उघडणारं पुस्तक असतं, ओपनिंग एक्सप्लोरर, ते मी त्या पराभवानंतर पहिल्यांदा उघडलं.

त्यात तीन कप्पे आहेत. पहिला मास्टर्सचा: २२०० च्या वरच्या खेळाडूंचे समोरासमोर बसून खेळलेले डाव, १९५२ पासूनचे. (म्हणून १९१८ चा तो बर्लिनचा डाव तिथे मिळत नाही, चाली बाहेरून आणून चिकटवाव्या लागतात.) दुसरा कप्पा खुद्द लिचेसवरच्या तुमच्या-आमच्या डावांचा. तिसरा एखाद्या ठरावीक खेळाडूचा: नाव टाका, रंग निवडा, तो काय काय खेळतो ते समोर.

माझं काम दुसऱ्या कप्प्यानं केलं. तिथे रेटिंगची चाळणी लावता येते. लिचेसवरचं रेटिंग आपल्या फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या) आकड्यापेक्षा साधारण फुगलेलंच असतं, म्हणून मी १६०० आणि १८०० ही दोन घरं ठेवली आणि बुडापेस्टची चाल-चाल पुढे सरकवत गेलो. प्रत्येक चालीपुढे पांढरा, राखाडी, काळा असा पट्टा दिसतो, कोण किती वेळा जिंकलं त्याचा. ए३ नंतर, घोड्यानं ई५ खाल्ल्यावर, मी आलो त्या चौकात. ए-प्याद्यानं बी४ चा उंट खाणारे लोक तिथे होते. पट्टा पूर्ण काळा. मी बराच वेळ बघत बसलो. एकटा नव्हतो मी.

कोर्समध्ये काळ्याच्या सर्वोत्तम उत्तरांवर तासच्या तास होते. आमच्या गल्लीत लोक सर्वोत्तम चाल खेळत नाहीत. आमच्या गल्लीत लोक सापळा लावतात, तो फसला की पुढे काय ते त्यांनाही ठाऊक नसतं. चाळणी लावलेला एक्सप्लोरर हे सरळ दाखवतो: इथपर्यंत सगळे एकाच वाटेनं येतात, इथून पांगतात. मला पाठ करायचं होतं ते पांगापांगीपर्यंतच.

त्यावरून मी स्टडी बनवली. लिचेसवर ही वही कुणालाही उघडता येते, एका वहीत चौसष्ट प्रकरणं मावतात. माझी पाच आहेत. पहिल्यात ती मात, जशीच्या तशी, शिक्षा म्हणून. दुसऱ्यात उतारा. काळ्या घोड्यानं ई५ खाल्ल्यावर उंटाकडे ढुंकूनही बघायचं नाही, आपल्या एफ३ च्या घोड्यानं तो घोडा खायचा. दुसरा घोडा परत खातो. आणि गंमत आता आहे: उंट अजून बी४ वरच आहे, ए३ चं प्यादं अजून त्याच्यावर रोखलेलं आहे, आणि आता खाल्लं तरी घोडा डी३, पुन्हा तीच मात! खड्डा एकच, दोनदा पडायची सोय. आधी ई३. ते प्यादं ई२ वरून हललं की बांधणी सुटते, घोडा डी३ ला आला तर एफ१ चा उंट त्याला खातो, आणि बी४ चा उंट आता खरोखर मरायला टेकलेला असतो. म्हणून काळा तो डी२ च्या घोड्यावर देऊन टाकतो, आपण वजिरानं परत खायचं. बस. प्यादी सारखी, आपल्याकडे दोन उंट, राजा सुरक्षित. इंजिनाचा काटा किंचित आपल्या बाजूला.

तिसऱ्या प्रकरणात पुढचा बेत: उंट ई२, किल्लेकोट, मग बी४ आणि सी५ करून वजिराच्या बाजूनं प्यादी ढकलायची. चौथं फायारोविचसाठी, म्हणजे घोडा जी४ ऐवजी ई४ ला उडी मारतो तो प्रकार. तिथे ए३ खेळून बी४ चा शह आधीच बंद करायचा. तो न करता आरामात घोडा एफ३ काढला, डी६ चं प्यादं खाल्लं आणि मग जी३ केलं, तर घोडा एफ२ वर बळी जातो, राजानं खाल्ला की उंट जी३ वर शह देतो आणि मागून डी-फाइल उघडून तुमचा वजीर गेला. बघून अंगावर काटा येतो. पाचवं, काळा चौथ्या चालीलाच जी५ करून उंटाच्या अंगावर येतो तेव्हासाठी. उंट जी३ ला न्यायचा आणि संधी मिळाली की एच४ नं त्या प्याद्याला ढुशी द्यायची. एवढंच. पाच प्रकरणं, सगळ्यांत मिळून चाळीसेक चाली.

प्रकरण बनवताना "पुढच्या चाली लपवा" असा पर्याय निवडता येतो. मग वही स्वतःच प्रश्न विचारते. शिवाय कुठल्याही स्थितीवर थांबून "इथून पुढे खेळा" म्हणता येतं, संगणकाशी आठ पातळ्यांवर किंवा मित्राशी. ती दोन उंटांची स्थिती मी चौथ्या पातळीशी पंधरा-वीस वेळा खेळलो असेन. पहिल्या पाच वेळा हरलो. डावानंतर "चुकांतून शिका" दाबलं की तुमचीच घोडचूक समोर ठेवून विचारतं, आता सांग, काय खेळायला हवं होतं. कोर्समधल्या फुलीपेक्षा हे सुसह्य आहे, कारण चूक माझी स्वतःची असते.

दुकानात मी आणखी एक उद्योग केला. सातवी चाल झालेली स्थिती, काळा घोडा ई५ वर, छोट्या पटावर मांडून काउंटरवर ठेवली. औषधाला थांबलेले नातेवाईक चाळा म्हणून बघायचे. ज्यांना खेळ येतो असे दोघे-तिघे आठवड्यात निघतातच. प्रत्येक जण म्हणाला, "उंट मारा की." एका आजोबांनी तर माझी वाटही न बघता स्वतःच उचलला. मी घोडा डी३ वर ठेवला. आजोबांनी चष्मा वर केला, पट बघितला, मला म्हणाले, "हे औषध कडू आहे," आणि इन्सुलिनची पिशवी घेऊन गेले.

माझा मदतनीस सुनील याला खेळ येत नाही, पण घरांची नावं वाचता येतात. तो फोन हातात धरून काळ्याची चाल ओरडायचा, मी स्ट्रिप कापता कापता पांढऱ्याची सांगायचो. "घोडा ई५!" "घोडा खातो ई५!" "घोडा खातो!" "ई३!" हॉस्पिटलच्या वॉचमनला वाटलं आम्ही कुठल्या तरी ऑनलाइन जुगाराला लागलो.

लिचेस काय देत नाही, तेही लिहितो. ते कारण सांगत नाही. काटा आपल्या बाजूला आहे हे दिसतं, का आहे ते दिसत नाही. लोकप्रिय चाल आणि चांगली चाल यांतला फरकही तुम्हालाच पारखावा लागतो, कारण एक्सप्लोररमध्ये आधी जास्त खेळलेलीच चाल दिसते. आज कुठली शाखा घोकायची याची आठवण ते करून देत नाही, मी दुकानाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करतो. आणि वही तुम्हालाच भरावी लागते. तयार, सुबक, कुणीतरी हात धरून नेलेलं हवं असेल तर पैसे द्यावेच लागतात, आणि चांगले कोर्स जगात असतीलच.

कारण मला मिळालं ते आमच्या इथल्या एका निवृत्त मास्तरांकडून. सांगली भागात अशी माणसं सापडतात. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांच्यामुळे इथे पिढ्यान्‌पिढ्या पट मांडला गेलाय. मास्तर बी.पी.च्या गोळ्या न्यायला येतात. मी त्यांना कोर्सवाली रांग दाखवली, धरून ठेवलेलं प्यादं दाखवलं. ते म्हणाले, "अरे, ते प्यादं तुझं नव्हतंच. उधारीवर आलंय. आपण होऊन परत कर, आणि तो ते वसूल करायला हिंडतोय तोवर तू आपली माणसं बाहेर काढ." नऊ तास चाळीस मिनिटांत हे वाक्य नव्हतं, किंवा असेल तर इंग्रजीतून माझ्यापर्यंत पोचलं नसेल. उधारी मला कळते.

मास्तरांनी असंही सांगितलं, की इतका त्रास वाटतो तर दुसऱ्या चालीला सी४ च करू नकोस, घोडा एफ३ काढ, ई५ ला पहाराच बसतो, बुडापेस्ट होतच नाही. खरं आहे. त्रास टाळायचा असेल त्यांनी हेच करावं, ना कोर्स लागतो ना लिचेस. मी ऐकलं नाही. १,७९९ रुपये गेलेला माणूस असं ऐकत नाही.

दिवाळीनंतर कोल्हापूरला एका स्पर्धेत कॉलेजच्या पोरानं मला बुडापेस्ट लावला. सगळं ठरल्याप्रमाणे आलं. ए३ केल्यावर त्यानं घोडा ई५ वर आणला, घड्याळ दाबलं आणि छताच्या पंख्याकडे बघायला लागला. कधी नव्हे तो निरागस. मी पाण्याचा घोट घेतला, उंटाकडे हात नेल्यासारखा केला (हे वाईट आहे, कबूल) आणि एफ३ च्या घोड्यानं खाल्लं. त्यानं खाल्लं. ई३. पोरगा पहिल्यांदा पटाकडे नीट वाकला. दहाव्या चालीला माझी पंचेचाळीस सेकंदं गेली होती, त्याची सहा मिनिटं. सेहेचाळिसाव्या चालीला दोन उंटांनी डाव जिंकला. ती दोन उंटांची स्थिती फोनवर पंधरा-वीस वेळा खेळली नसती तर ई३ नंतर मीही त्याच्यासारखाच पंख्याकडे बघत बसलो असतो.

तर हिशोब असा. कोर्सला पाचांपैकी दोन. माणूस विद्वान आहे म्हणून दोन, नाहीतर एकच. लिचेसला साडेचार. अर्धा कापला तो कॅलेंडरवर खुणा कराव्या लागतात म्हणून. आता मी तिथे महिन्याला थोडी देणगी देतो. बदल्यात नावापुढे पंखाचं चिन्ह मिळतं, बाकी एकही जादा सोय नाही, कारण सगळ्या सोयी सगळ्यांना आधीच मोकळ्या आहेत.

जानेवारीत त्याच शाळेच्या हॉलमध्ये, चौथ्या फेरीत, पुन्हा तीच मुलगी समोर आली. झाकण दातात. माझी पुन्हा पांढरी. डी४, घोडा एफ६. मी सी४ खेळलो, आणि खरं सांगतो, टेबलाखाली माझा पाय हलत होता. सहा महिने मी या चालीची वाट बघत होतो. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि जी६ केलं. किंग्ज इंडियन. एकोणचाळीस चालींत माझा राजा पुन्हा कोपऱ्यात.

बाहेर तिची आई चिवडा वाटत होती. मी मुलीला विचारलं, "अगं, बुडापेस्ट का नाही खेळलीस?"

"काका, ते एकाशी एकदाच खेळायचं असतं," ती म्हणाली, आणि माझ्या हातातला चिवड्याचा कागद सरळ करून दिला, सांडत होता म्हणून.

रात्री दुकानात बसून फोन उघडला तर किंग्ज इंडियनचा कोर्स, चौदा तास, सूट फक्त आज बारापर्यंत. सुनीलला म्हटलं, फोन घे, वहीत सहावं प्रकरण काढ.